जवळ्यावर हेलिकॉप्टर

आकाशातून जाणाऱ्या प्रत्येक शब्दाच्या टोकाला कुणाचा तरी जीव लोंबकळत असतो, तो शब्द ऐकायला पृथ्वीवर निदान एक तरी माणूस जागरूक असायला हवा, आणि या कामी नियतीने आपली निवड केली आहे, असं खंडेरावांचं ठाम मत होतं. पहिल्या दोन महिन्यांत त्यांनी आकाशातून दोनच गोष्टी टिपल्या. एक, कसोटीचा स्कोअर. दुसरी, एका वैमानिकाच्या डब्यात आजही कोबीच आहे.

नियतीने ही निवड मस्कतमार्गे केली होती. त्यांच्या बायकोचा, सुगंधाबाईंचा भाऊ शिवाजी तिकडे क्रेन चालवायचा. शहाऐंशीच्या दिवाळीला तो येणार म्हणून सुगंधाबाईंनी त्याला पत्रातून तीन भांड्यांचा मिक्सर सांगितला होता. पण शिवाजीला वाटलं, आपले दाजी कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, त्यांच्या तोलामोलाचं काहीतरी न्यावं. दुकानदाराने एक जेवणाच्या डब्याएवढी काळी पेटी दाखवली आणि हिच्यावर दोनशे स्टेशनं लागतात असं सांगितलं. त्या दोनशेपैकी एकावरही गाणं लागत नाही, हे सुगंधाबाईंनी पहिल्याच संध्याकाळी तपासून पाहिलं आणि पाटा पुन्हा बाहेर काढला.

पेटीला स्कॅनर म्हणत. ती आपली आपण एकेक लहर चाचपत फिरायची आणि कुणी बोलताना सापडलं की तिथे थांबायची. असलं यंत्र घरात बाळगायला सरकारी परवाना लागतो, हे खंडेरावांना माहीत होतं. म्हणून त्यांनी तिच्यावर विणलेला रुमाल घातला होता.

खंडेराव मूळचे माणदेशातले. जिथे पाणी दिसायला टँकरची वाट बघावी लागते, तिथून ते बोईसरच्या कारखान्यात आले आणि आठ वर्षांत पाच खोल्या फिरले. एक खोली मालकाच्या मेहुण्याला लागली, एकीत पावसाळ्यात मोरी उलटी वाहायची, एकीच्या भिंतीला भिंत लावून पिठाची गिरणी होती. उरलेल्या दोन आठवल्या की सुगंधाबाईंना अजूनही ठसका लागायचा. सहावी खोली मिळाली ती चिंचणीच्या पुढे, मच्छीमारांच्या पाड्यात, घरमालकीण जमनामावशीच्या घरामागे. दार उघडलं की समोर समुद्र. नाक्यावरून शिफ्टची बस.

पहिला महिना सुगंधाबाईंनी नाकाला पदर लावून काढला. दुसऱ्या महिन्यात पदर सुटला. तिसऱ्या महिन्यात त्या नुसता हात लावून बोंबील किती वाळलाय ते सांगायला लागल्या, आणि चौथ्या महिन्यात त्यांनी नवऱ्याला बजावलं, "आवं, आता मी हितनं हलायची न्हाई. सातवी खोली बघायची आसंल तर एकट्यानं बघा."

आणि नेमका तेव्हाच खंडेरावांनी एरियल बांधला. मावशीच्या अंगणात बोंबील वाळवायची वलांडी होती, म्हणजे उंच बांबू रोवून त्यांना दोऱ्या ताणलेल्या आणि त्या दोऱ्यांवर जबड्यात जबडा अडकवून लटकवलेले बोंबील. खंडेरावांनी सगळ्यात उंच बांबूच्या टोकाला वीस फूट तांब्याची तार बांधली. मावशी बाजारातून आली ती टोपली डोक्यावर तशीच ठेवून वर बघत उभी राहिली.

"ओ भाऊ, ही तार कसली?"

"एरियल आहे मावशी. विमानातलं बोलणं ऐकू येतं."

"विमानातले तुमच्याशी बोलतात?"

"माझ्याशी नाही. त्यांच्या-त्यांच्यात."

"मंग तुमी कशाला ऐकता? आमच्यात दुसऱ्याच्या भिंतीला कान लावला तर सासू पाठीत घालते."

खंडेरावांनी तिला जीव, शब्द आणि जागरूकता यांबद्दल सांगितलं. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि वर बोट केलं. तारेवर सात कावळे बसले होते आणि वाकून सोयीस्करपणे बोंबील खात होते.

"होळीपर्यंत तार उतरवा," मावशी म्हणाली, "नायतर खोली सोडा."

मधल्या काळात कुठून तरी हेलिकॉप्टर आलं नसतं, तर खंडेरावांनी निमूटपणे तार उतरवली असती आणि ही गोष्ट इथेच संपली असती.

कुठल्याशा कंपनीचे लोक खोल समुद्रात तेलासाठी भोकं पाडत होते. तिथे कुणी आजारी पडलं, कुणाचं बोट चेमटलं, की त्याला हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर आणायचं आणि बोईसरच्या एका दवाखान्यात न्यायचं, असं ठरलं. उतरायला जागा हवी होती. कंपनीचे साहेब जागा बघायला आले ते ऑगस्टमध्ये. ऑगस्टमध्ये होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, मासळी बंद असते आणि पाड्यासमोरचं मैदान पावसाने धुऊन कोरं करकरीत दिसतं. साहेबांनी कागदावर लिहिलं, 'पडीक'. पंचायतीने शिक्का मारला. हेच मैदान दसऱ्यापासून पाड्याचं खळं असतं, आख्ख्या गावाचा जवळा तिथे वाळतो, हे बायकांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. पण बायकांना विचारायचा रकाना त्या कागदावर नव्हता.

जानेवारीत एका सकाळी जमनामावशीने खळ्यावर अर्धवट वाळलेला जवळा अंथरला आणि दहा वाजता त्याच्यावर हेलिकॉप्टर उतरलं.

जवळा म्हणजे नखाएवढी कोळंबी. वाळली की फुंकरीने उडते, आणि ही फुंकर नव्हती. जवळा देवळाच्या कळसावर गेला, शाळेच्या कौलांवर गेला, सातवीच्या वर्गातल्या नकाशात अरबी समुद्राला जाऊन चिकटला. स्ट्रेचर धरणाऱ्या दोघांच्या मिशांतून जवळा झडत होता. दवाखान्याची जीप चालवणारा रामू रस्त्यात चहा घेतल्याशिवाय कधी यायचा नाही, तो नेहमीप्रमाणे पंधरा मिनिटं उशिरा आला आणि पेशंटऐवजी आधी जवळाच न्याहाळत बसला.

मावशी पंचायतीत गेली. मेंबर कमलाकांत तिच्याच भावकीतला.

"जमने, माणसाच्या जिवाचा प्रश्न हाय," तो म्हणाला.

"त्या माणसाचं बोट मोडलं होतं. मी डोळ्यांनी बघितलं."

"आज बोट, उद्या आणखी काय. सरकारी शिक्का हाय त्याच्यावर."

"मंग त्याला सांग, येताना आधी कळव."

"हेलिकॉप्टर काय पाहुणा हाय, पत्र टाकून यायला?"

मावशी परत आली ती थेट मागच्या खोलीच्या दारात. खंडेराव डोळे मिटून, पेटीला कान लावून बसले होते.

"भाऊ, तुमच्या या डबड्यात ते हेलिकॉप्टर ऐकू येतं का?"

खंडेरावांनी डोळे उघडले. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या पेटीविषयी आपणहून विचारत होतं. "वीस मिनिटं आधी," ते म्हणाले. "किनारा जवळ आला की वैमानिक मुंबईच्या ऑफिसला कळवतो. मला स्वच्छ ऐकू येतं."

"वीस मिनटं," मावशीने मनात टोपल्या मोजल्या. "ऱ्हाऊ द्या मंग तार. पण एक सांगून ठेवते. जवळा ऱ्हायला तर तुमी ऱ्हायलात. जवळा उडाला तर तुमी पण उडालात."

अशा रीतीने आकाशातल्या जिवांची राखण करणारे खंडेराव जवळ्याच्या राखणीला लागले. त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही, कारण त्यांनी तो हिशेब वेगळ्या शब्दांत मांडला होता. कारखान्यात ते सांगायचे, "किनारपट्टीच्या पूर्वसूचनेचं काम बघतो."

व्यवस्था अशी होती. हेलिकॉप्टरचा आवाज पेटीत आला की खंडेरावांनी दारात येऊन थाळी बडवायची. पहिल्या पाळीला ते कारखान्यात असले तर सुगंधाबाईंनी बडवायची. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण त्या वैमानिकाचा आवाज ओळखायच्या. "त्यो सर्दी झाल्यासारखं बोलतोय ना, त्योच आपला," असं त्यांनी एका दिवसात ठरवलं, आणि त्यांचा अंदाज कधी चुकला नाही. थाळी वाजली की मावशी आणि शकू, हिरा अशा पाड्यातल्या बायका खराटे घेऊन धावायच्या, जवळा टोपल्यांत भरायच्या आणि देवळामागे उभ्या राहायच्या. हेलिकॉप्टर यायचं, रिकाम्या वाळूवर उतरायचं, जायचं. जवळा पुन्हा अंथरला जायचा. असं तीन वेळा बिनबोभाट पार पडलं.

खंडेरावांचा भाव वधारला. पेटी चालू असताना आजूबाजूच्या चार घरांत कुकर लावायला बंदी झाली. मावशी तर चहाला हाक मारली की "रॉजर" म्हणायला लागली.

एकच गोम होती. पेटीत फक्त हेलिकॉप्टरमधला माणूस ऐकू यायचा. मुंबईच्या ऑफिसातून त्याला काय उत्तर येतं, ते इतक्या लांबून पकडता येत नव्हतं. ती अर्धी बाजू खंडेराव स्वतः भरून काढायचे. वैमानिक म्हणायचा, एक पेशंट आहे, पाय. खंडेराव बायकोला सांगायचे, "पाय गेला. गँगरीन. कापावा लागणार." नंतर तो पेशंट लंगडत जीपमध्ये चढताना दिसला तरी त्यांचा विश्वास ढळायचा नाही. "धीराचा माणूस," ते म्हणायचे.

होळीला चार दिवस राहिले आणि भरतीला जवळा असा लागला की होड्या काठापर्यंत भरून आल्या. खळं या टोकापासून त्या टोकापर्यंत गुलाबी झालं. एवढा जवळा वीस मिनिटांत उचलायला पाड्यातल्या बायका पुरणार नव्हत्या, चिंचणीतल्या आणल्या तरी पुरल्या नसत्या. बायका कमरेवर हात ठेवून विचार करत उभ्या राहिल्या.

"उचलायचा कशाला?" हिरा म्हणाली. "जाळी टाकू वरून. जुनी जाळी पडलीत ना घरोघर. कडेनं धोंडे ठेवू. बघू कसा उडतो ते."

सगळ्यांना वाटलं, हे आधी कसं सुचलं नाही? या घरांत शेकडो वर्षं एकाच प्रश्नावर डोकं चाललं होतं, की जवळा निसटू नये म्हणून काय करावं. आणि शेकडो वर्षं उत्तरही एकच होतं. घराघरांतून बारीक विणीची जुनी जाळी निघाली. खंडेरावांनी स्वतः दोन धोंडे उचलून ठेवले आणि दोऱ्यांना पीळ कसा द्यावा यावर बायकांना मार्गदर्शन केलं. त्यांनी ते ऐकलं नाही.

गुरुवारी सकाळी साडेअकराला पेटीत सर्दीचा आवाज आला. खंडेरावांची दुसरी पाळी होती, ते घरीच होते. एक पेशंट, पुरुष, वय चौतीस, दोन दिवस झोप नाही, असह्य वेदना. खंडेरावांनी थाळी बडवली. बायकांनी जाळी ओढली, धोंडे ठेवले आणि देवळामागे जाऊन निवांत बसल्या. शकूने तर विणकाम काढलं.

हेलिकॉप्टर आलं. खळ्यावर आलं, थोडं खाली आलं, आणि पुन्हा वर गेलं. एक फेरी मारली. दुसरी मारली.

पेटीत वैमानिक बोलत होता. सगळ्या मैदानावर मासेमारीची जाळी पसरली आहेत. वाऱ्याने उचलली तर पंख्यात जातील. उतरता येत नाही. पाच मिनिटं वाट बघतो. नाहीतर मुंबईला नेतो, तासभर आणखी लागेल.

खंडेरावांनी वळून बघितलं. दारातून खळं दिसत होतं. जाळ्यांखाली जवळा गुण्यागोविंदाने पडला होता. किनाऱ्यावर या क्षणी ही बातमी एकट्या त्यांनाच माहीत होती. शब्दाच्या टोकाला जीव लोंबकळत होता आणि ऐकायला ते एकटे जागरूक होते. चार महिने त्यांनी ज्या घटकेची वाट बघितली ती हीच. फक्त ती अशी येईल असं वाटलं नव्हतं. कारण आपण गप्प बसलो तर काय होईल, हेही त्यांना अगदी स्वच्छ दिसत होतं. हेलिकॉप्टर मुंबईला जाईल, जवळा राहील, खोली राहील, आणि कुणाला कधी काही कळणार नाही.

"थांबा! थांबा म्हणतो ना!" ते पेटीला म्हणाले. पेटीला फक्त ऐकता येत होतं.

सुगंधाबाई पीठ मळायचं सोडून आल्या. "काय म्हंतोय त्यो?"

"काही नाही."

"काही न्हाई म्हणायला एवढा येळ लागतो व्हय?"

खंडेरावांनी सांगितलं.

"मग बसलाय काय?"

"अगं, जाळी काढली तर जवळा उडेल. आणि जवळा उडाला तर..."

सुगंधाबाईंनी खोलीवर एक नजर फिरवली. फळीवरची भांडी, शकूने दिलेली कोयती, खिडकीतून दिसणारं पाणी. एवढं सगळं बघायला त्यांना थोडा वेळ लागला. मग पिठाचे हात पदराला न पुसताच त्या म्हणाल्या, "उठा."

खंडेराव धावले. धावताना एक चप्पल वाळूत राहिली. "जाळी काढा! मावशी, जाळी काढा!"

"आत्ता तर टाकली!" मावशी देवळामागून ओरडली. वरच्या घरघराटात अर्धं ऐकू येत नव्हतं.

"जाळ्यांमुळे उतरता येत नाही त्याला! वर पेशंट आहे. निघून जाईल तो!"

"काय झालंय त्याला?"

वैमानिकाने तेवढं सांगितलं नव्हतं. पण अर्धी बाजू भरून काढायची खंडेरावांना सवय होती. "हार्ट!" ते म्हणाले. "चौतीस वर्षांचा आहे. दोन दिवस डोळ्याला डोळा नाही!"

मावशीने वर बघितलं. मग खळ्याकडे बघितलं. समुद्रावरून माणूस परत येतोय आणि त्याला पाय टेकायला किनारा मिळत नाही, ही गोष्ट त्या पाड्यात कुणाला समजावून सांगावी लागत नव्हती. तिने पदर खोचला.

"काढा गं!" ती म्हणाली. "हिरा, तू तिकडून धर. धोंडे बाजूला. शकू, ठेव ती सुई!"

वीस बायकांनी आणि एका मेकॅनिकने चार मिनिटांत खळं उघडं केलं. हेलिकॉप्टर खाली आलं. हिरा शेवटपर्यंत आपल्या वाट्याच्या जवळ्यावर पालथी पडून होती, तेवढा हिराएवढा तुकडा वाचला. बाकी सगळं आभाळ गुलाबी झालं. शाळा दिसेनाशी झाली. समुद्रात परत गेलेल्या जवळ्याचं बगळ्यांनी स्वागत केलं.

पंखा थांबला. दार उघडलं. खंडेराव स्ट्रेचर धरायला पुढे झाले, पण स्ट्रेचर निघालंच नाही. निघाला एक धडधाकट माणूस, आपल्या पायांनी. हनुवटीपासून डोक्यापर्यंत त्याने मफलर बांधला होता आणि त्याचा डावा गाल नारळाएवढा सुजला होता.

मावशी त्याच्याजवळ गेली. त्याच्या गालाकडे बराच वेळ बघितलं. तिच्या केसांत, पदरात, भुवयांत जवळा होता.

"दात?" तिने विचारलं.

त्याने मान हलवली. बोलायची सोय नव्हती.

मावशी वळली. "काय हो भाऊ, तुमच्या घाटावर हार्ट गालात असतं?"

शकू पहिल्यांदा हसली. मग हिरा वाळूत बसल्या जागी हसायला लागली, मग सगळ्याच हसत सुटल्या. पेशंटलाही हसू आलं आणि त्याने कळवळून गाल धरला. खंडेराव एका चपलेवर उभे होते.

"मावशी," ते म्हणाले, "जवळा उडाला."

"दिसतंय मला."

"ठरल्याप्रमाणे... आम्ही होळीनंतर खोली बघतो."

"कुठली खोली?" मावशीने खराटा त्यांच्या हातात दिला. "हा सगळा जवळा आता वाळूत मिसळलाय. तो गोळा कोण करणार? त्यातली वाळू कोण निवडणार? तुमी उडालात तर आमी एकट्या निवडत बसू काय? वाळू संपली की मंग बघू."

सुगंधाबाईंनी खंडेरावांकडे बघितलं, मग क्षितिजापर्यंत पसरलेल्या वाळूकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आठ वर्षांत न दिसलेलं समाधान पसरलं. ही वाळू काही या जन्मी संपणार नव्हती. त्या सूप आणायला घरी गेल्या.

पंधरा मिनिटांनी चहा घेऊन रामूची जीप आली. त्याने पेशंटच्या गालाकडे बघितलं, जीपचं दार अर्धवट उघडलं आणि पुन्हा लावलं.

बोईसरच्या त्या दवाखान्यात दातांचे डॉक्टर फक्त सोमवारी येत.